चौथ्या शीलापाशी

काल संध्याकाळी भाजी घेऊन परतताना उसानं भरलेला ट्रॅक्टर आडवा आला. या हंगामातला मला दिसलेला पहिलाच. मागं दोन ट्रॉल्या, दोन्ही वाजवीपेक्षा जास्त भरलेल्या, आणि ड्रायव्हरनं गाणं एवढ्या मोठ्यानं लावलेलं की मागच्यानं हॉर्न वाजवून वाजवून हात टेकावेत. आमच्या जुळे सोलापूर भागातली माणसं असल्या वेळी चिडतात. मीही चिडायचो. काल मात्र स्कूटर कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि ट्रॉलीच्या मागं लोंबणारा ऊस वळणाआड जाईपर्यंत बघत उभा राहिलो. पिशवीतली कोथिंबीर तेवढ्यात सुकली.

कारखाने सुरू झाले की मला दवाखाना आठवतो. काही वर्षांपूर्वीचा एक अख्खा हंगाम, दिवाळीनंतर बॉयलर पेटल्यापासून शिमग्यापर्यंत, मी दवाखान्यातच काढला. दुखणं माझं नव्हतं, बायकोचं होतं. पण जो खाटेवर असतो तो एक आजारी आणि जो खाटेशेजारी असतो तो दुसरा, हे तिथं बसल्याशिवाय कळत नाही.

कुसुम अंगणवाडीत बाई होती. दिवसभर तीस पोरांवर ओरडून घरी आली तरी तिचा आवाज शिल्लक असायचा. एके दिवशी ती आली, उंबऱ्यातच थांबली आणि म्हणाली, "अवो, पायात चप्पल हाय का न्हाय तेच कळंना झालंय." मी पेपरातून मान वर करून सांगितलं की आहे. तळपायाला मुंग्या आल्या होत्या. तिसऱ्या दिवशी जिना चढवेना. पाचव्या दिवशी पाण्याचा पेला धरवेना. सहाव्या दिवशी तिला श्वास घ्यायला यंत्र लावावं लागलं, आणि पुढं गळ्याला भोक पाडून त्यातून नळी घातली. डॉक्टर म्हणाले, शरीर स्वतःच्याच नसांवर उलटलंय. बहुतेकांचं उतरतं. किती दिवसांत, आणि किती, ते कुणालाच सांगता येत नाही.

तिचे फक्त डोळे हलत होते. तेवढे सोडले तर ती पूर्ण शुद्धीत, पूर्ण गप्प अशी पडून होती. आम्हाला मूलबाळ नाही. घरात आम्ही दोघंच, आणि तीस वर्षं बोलण्याचं काम तिच्याकडं आणि ऐकण्याचं माझ्याकडं. आता सिस्टर म्हणाल्या, "काका, त्यांना सगळं ऐकू येतंय. बोलत राहा त्यांच्याशी." मला घाम फुटला. काय बोलायचं?

मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक होतो. इंजिनिअरनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि शाईनं तोच नकाशा जसाच्या तसा उतरवायचा, एवढंच काम. आपल्या पदरची एक रेघ घालायची नाही, असलेली एक गाळायची नाही. उभी नोकरी हे केल्यावर माणूसही तसाच होतो. तेव्हा पहिल्या सकाळी, खाटेशेजारी उभं राहून, आधीच तयार असलेलं जे एकमेव मला येत होतं ते मी सुरू केलं. वंदना. त्रिशरण आणि पंचशील.

आमच्या घरी हे रोज सकाळी व्हायचं. बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावून कुसुम एकेक ओळ सांगायची आणि मी मागून म्हणायचो, बऱ्याचदा पेपर वाचता वाचता. तिला ते तिच्या आईनं शिकवलेलं. पालीतल्या शब्दांचा अर्थही पाठ करून घेतलेला. मी प्राणिहिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही, नशापाणी करणार नाही. पाच शीलं, पाच ओळी. तिची त्यावर श्रद्धा होती. माझी नव्हती असं नाही, पण माझी श्रद्धा आणि माझा शर्ट सारखेच, अंगावर असतात आणि लक्षात नसतात.

आता सांगणारा मी होतो आणि मागून म्हणायला तिला तोंड नव्हतं. म्हणून मी एक ओळ म्हणायचो आणि थांबायचो. यंत्राचे दोन श्वास जाऊ द्यायचे. तेवढ्यात ती मनात म्हणून घेत असेल असं धरायचं. मग पुढची ओळ. सकाळी आत सोडायचे तो अर्धा तास यातच जायचा. निघताना मी वाकून सांगायचो, "तू चालत घरी येणार." तेही रोज. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा माझं मलाच नवल वाटलं, कारण इतकं ठाम मी आयुष्यात काही बोललो नव्हतो.

बाहेर, अतिदक्षता विभागासमोरच्या बाकांवर एक गाव वसलेलं असायचं. फिनेल, स्पिरिट आणि शेंगाचटणी यांचा मिळून एक वास. त्यात केम गावाहून आलेल्या एक मावशी होत्या, शेतकरी घरातल्या. त्यांचा नवरा कुसुमच्या शेजारच्या खाटेवर होता. एकदा कडक भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवत त्यांनी विचारलं,

"तुमी कुणाला बोललाय नवस?"

"आमच्यात नवस नसतो, मावशी."

"मग मागता कुणाला?"

"कुणालाच न्हाय."

"आन मग सकाळ सकाळ आत जाऊन पुटपुटता काय?"

मी सांगितलं, चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, असं म्हणतो. त्या भाकरी चावायच्या थांबल्या. थट्टा नव्हती, खरोखरच कोडं पडलं होतं त्यांना.

"तुमी चोरी न करून बायको कशी उठंल वो?"

त्यांनी पुडीतला अंगारा काढला. "लावा की तिला. काय बिघडतंय का?" नाही म्हणवलं नाही आणि लावणंही झालं नाही. पुडी खिशात राहिली आणि पुढच्या रविवारी शर्टाबरोबर धुतली गेली. तीन आठवड्यांनी मावशींचा नवरा त्यांच्या खांद्याला धरून चालत घरी गेला. मला आनंद झाला. थोडा हेवाही वाटला, खोटं कशाला सांगू.

डोळ्यांची भाषा आम्ही ठरवली होती. वर पाहिलं की 'व्हय', बाजूला पाहिलं की 'न्हाय'. पण तेवढ्यानं भागेना. मग मी आलेखाच्या कागदावर अक्षरं काढली, माझ्या हातानं, शाईनं, खात्यात नकाशावर गावांची नावं लिहायचो तशी. मी ओळीवरून बोट फिरवायचो आणि हवं ते अक्षर आलं की ती वर पाहायची. काना-मात्रेचा फार घोळ व्हायचा. पाय दुखतोय हे कळायला एकदा इतका वेळ लागला की तोवर दुखायचा थांबला. सगळ्यात जास्त वेळा तिनं जुळवलेला शब्द सोपा होता. आई.

सासूबाई अकलूजला राहायच्या. शाळेत शिपाई म्हणून नोकरी केलेली, नवरा लवकर गेलेला, मुलीला आणि मुलाला एकटीनं वाढवलेलं. गुडघ्यांमुळं सोलापूरला येणं होत नव्हतं. रोज संध्याकाळी पाचला, भेटीच्या वेळेत, त्यांचा फोन यायचा. "पावनं, लावा तिच्या कानाला." मी लावायचो. बाहेरही ऐकू येईल अशा आवाजात त्या पाच मिनिटं बोलायच्या. कोंबडीनं किती अंडी दिली. शेजारणीची सून माहेरी गेली. कारखान्याची काजळी धुतलेल्या पातळावर पडली. आणि शेवटी, "कुसे, ऊठ आता. लई झोपलीस." कुसुमचे डोळे वर जायचे. फोनवर ते दिसणार कसं? मी सांगायचो, "व्हय म्हणतीय."

एका दुपारी मी आवारात उन्हाला बसून डबा खात होतो. थंडीचे दिवस, ऊन हवंसं वाटणारं. मेव्हण्याचा फोन आला. आई जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. घास तोंडात तसाच धरून मी ऐकलं. मग तो गिळला. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

त्या आठवड्यात कुसुमचा रक्तदाब कधी दोनशेला जायचा, कधी सत्तरवर यायचा. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, आत्ता हे सांगायचं नाही, हृदयाला झेपणार नाही. आणि थांबून आणखी एक गोष्ट म्हणाले. दोन महिने होत आले, हालचाल नाही. काही पेशंट एवढ्यावरच राहतात. तुम्ही मनाची तयारी ठेवा. मी बरं म्हणालो. आमच्या खात्यातही साहेब सांगायचे आणि मी बरं म्हणायचो.

संध्याकाळचे पाच वाजले. फोन वाजला नाही. कुसुमचे डोळे माझ्या खिशाकडं. मी म्हणालो, "आईचा मोबाइल पाण्याच्या हंड्यात पडला." दुसऱ्या दिवशी तिनं कागदावर जुळवलं, आई. मी म्हणालो, दुरुस्तीला टाकलाय. तिसऱ्या दिवशी म्हणालो, रेंज नाही. खोटं बोलायलाही अक्कल लागते. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, पण तो बसेपर्यंतचा वेळ काढणं हे खरं अवघड काम.

अंत्यविधीला मला जाता आलं नाही. जलदान विधीला गेलो, म्हणजे गेलेल्याच्या नावानं पाणी अर्पण करून पुण्यानुमोदन करतात तो विधी. कुसुमला सांगितलं, रजेचा अर्ज द्यायला दप्तरात जाऊन येतो. अकलूजच्या रस्त्याला एस.टी. उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकली, एकामागून एक सात-आठ असतील, आणि खिडकीतून मळीचा आंबूस वास आत येत राहिला. लोक वैतागले होते. मला मात्र गाडी पुढं गेली नाही तर बरं, असं वाटत होतं. घरी पोचलो तर दोरीवर सासूबाईंचं पातळ तसंच वाळत होतं, काजळीचे ठिपके पडलेलं. मेव्हण्यानं ते काढलं नव्हतं. मी तिथं रडलो. दवाखान्यात रडता येत नव्हतं, तेही रडून घेतलं.

पण त्याआधीची, सासूबाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायला हवी. मी नेहमीसारखा वंदनेला उभा राहिलो. पहिलं शील म्हणालो, दोन श्वास थांबलो. दुसरं. तिसरं. चौथ्याला आलो आणि 'मुसावादा' हा शब्द गळ्यापर्यंत येऊन थांबला. मी खोटं बोलणार नाही. तिच्या डोळ्यांत बघून, आदल्या संध्याकाळचा तो हंडा डोक्यात असताना, ते काही तोंडातून निघेना. यंत्राचे श्वास जात राहिले. शेवटी मी चौथं सोडून पाचवं म्हणालो.

मला वाटलं, एक दिवसाचं आहे. पण दुसऱ्या दिवशीही तेच. आणि तिसऱ्या. तीस वर्षांत नकाशावरची एक रेघ न गाळणारा मी रोज पाचातलं एक शील गाळू लागलो. बाकी खोटं बिनदिक्कत चाललं होतं. हंडा, दुरुस्ती, रेंज, दप्तर, सगळं. तेवढं एक वाक्य मात्र होत नव्हतं. पेपर वाचत वंदना करणाऱ्या माणसाला एवढं काय अडायचं, असं मी स्वतःला विचारलंही. मावशी असत्या तर म्हणाल्या असत्या, देव नाही म्हणता आणि भिता कुणाला?

पहिल्यांदा गाळलं तेव्हा कुसुम माझ्याकडं बघत राहिली होती. मी तिच्यामागच्या यंत्रावरचे आकडे वाचण्यात गुंतलो. त्यानंतर आठवडाभरात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ती कागदावर 'आई' जुळवेनाशी झाली होती. पाणी, पाय, खाज, उशी, सगळं जुळवायची. आई नाही. सुटलो, म्हणालो मी मनात. तिच्या डोळ्यांतून त्या दिवसांत पाणी यायचं. पापण्या नीट मिटत नव्हत्या, म्हणून डोळ्यांत मलम घालायचे. सिस्टर म्हणाल्या, मलमाचं असेल. मीही तेच धरून चाललो.

हुरड्याचे दिवस आले आणि गेले. आवारातल्या कडुनिंबाची पानं गळून ढीग झाला. मग एका सकाळी, तिसऱ्या आणि पाचव्या शीलाच्या मधल्या त्या मोकळ्या जागेत, तिच्या डाव्या हाताचं एक बोट हललं. मला भास वाटला. मी सिस्टरना हाक मारली. बोट पुन्हा हललं. डॉक्टर आले, त्यांनी तपासलं आणि ते हसले. इतक्या महिन्यांत त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं.

पुढं सगळं सावकाश, पण व्हायला लागलं. हात, मान, खांदे. यंत्र आधी दिवसा काढलं, मग पूर्णच. आणि एके दुपारी सिस्टरनी गळ्यातल्या नळीला टोपण लावलं नि म्हणाल्या, "हं काकू, बोला आता काकांशी."

मी पुढं झालो. पाणी मागेल, नाहीतर नेहमीसारखं अवो म्हणेल, असं वाटलं होतं. आवाज फाटका, निम्मा वाराच होता.

"आईचं कधी झालं?"

झालं का, असं नाही विचारलं. कधी, असं विचारलं. मी तारीख सांगितली.

"जलदान?"

"झालं."

"तुमी गेला होता?"

"व्हय."

"दप्तरात जातो म्हणला होता."

"व्हय."

ती छताकडं बघत राहिली. दमली होती. मग म्हणाली, "रोज चौथ्याला येऊन अडत होता तुमी. पहिल्याच दिवशी कळलं मला. आदल्या दिवशी फोन न्हाय आणि सकाळी चौथं न्हाय. माझ्या नवऱ्याला दुसऱ्या कशानं अडवलं असतं?"

"मग कागदावर विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुमाला आणखी एक खोटं बोलावं लागलं असतं की."

मी तिथंच, स्टुलावर बसून, तिच्या उशीत तोंड घातलं. म्हणजे ते दोन महिने ती सगळं जाणून पडून होती. आईसाठी हुंदका द्यायला तिला श्वास स्वतःचा नव्हता. जे पाणी आम्ही मलमाचं म्हणालो ते ती रडत होती. मी तिला सांभाळतोय अशा समजुतीत मी बाहेर बाकावर डबा खात होतो, आणि सांभाळत ती मला होती. याची लाज मला आजही वाटते.

आता ती काठी घेऊन चालते. डावा पाय किंचित ओढते. अंगणवाडी सुटली, पण समोरच्या बिल्डिंगमधली पोरं येऊन दारात गोंधळ घालतात आणि ती त्यांच्यावर ओरडते. घरी आल्यावर बाहेर पडली ती पहिली अकलूजला. आईच्या मोकळ्या खोलीत तासभर बसली, मला बाहेर थांबवून. सकाळची वंदना पुन्हा तीच सांगते आणि मी मागून म्हणतो. पेपर नंतर वाचतो. चौथं शील म्हणताना ती माझ्याकडं बघत नाही, एवढी माणुसकी तिच्यात आहे. मावशींच्या त्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला अजून सापडलेलं नाही. चोरी न करून बायको कशी उठेल, ते मला कुठं माहीत आहे? ती कशी उठली, तेवढं पाहिलेलं आहे.

ती बोलू लागल्यावर चार-पाच दिवसांनंतरची गोष्ट. खाटेची डोक्याकडची बाजू उचलून तिला टेकून बसवली होती. मी संत्रं सोलत होतो.

"अवो, एक खरं सांगा. निघताना रोज म्हणायचात, तू चालत घरी येणार. ते डॉक्टर म्हणले होते?"

मी संत्र्याच्या शिरा काढत राहिलो. हो म्हणणं किती सोपं होतं.

"न्हाय. डॉक्टर म्हणाले होते, तयारी ठेवा."

"म्हणजे चौथं त्याच्यासाठीबी गाळत होता?"

"दोन्हीसाठी."

आईचं तिनं ओळखलं होतं, हे नव्हतं ओळखलं.

"मी त्याच्यावरच दिवस काढले की वो," ती म्हणाली. "वाटायचं, ज्याला चौथं म्हणवत न्हाय तो हे उगंच म्हणणार न्हाय."

संत्र्याचा रस मनगटापर्यंत आला होता. यंत्राविना तिचा श्वास चाललेला मला ऐकू येत होता, लहान लहान, एकाआड एक.

"आईचं खोटं ते खोटंच राहिलं," ती म्हणाली. "त्याला इलाज न्हाय. हे दुसरं खरं करायचं आता माझ्याकडं आलं. व्यायामाच्या बाई यायच्या आत माझे पाय खाली सोडा."

हात पुसून मी तिचे दोन्ही पाय धरले आणि खाटेच्या कडेवरून खाली घेतले. चार महिने जमिनीला न लागलेले पाय. टाचा लहान मुलाच्या असतात तशा मऊ झाल्या होत्या. तळवे फरशीला टेकले तरी मला काही हात काढवेना.

"सोडा की आता," ती म्हणाली.